बांधापलीकडचा भाऊ

कोल्हापूरच्या पूर्वेस काही मैलांवर वळिवडे नावाचे गाव आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडील आमच्या वाचकांस हे नाव अपरिचित नसावे. १९४३ पासून १९४८ पर्यंत या गावालगत पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. वसाहतीत शाळा होत्या, रुग्णालय होते आणि मिस्सासाठी चर्चही होते. पुढे ही माणसे निघून गेली. फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे त्या जागी राहू लागली व तेथे गांधीनगर वसले. ज्यांचा अंतकाळ येथेच झाला त्यांच्या कबरी मात्र कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत मागे राहिल्या.

महायुद्ध १९४५ साली संपले. मग ही माणसे तत्काळ आपल्या घरी का गेली नाहीत? कारण असे की, जेथे त्यांचे घर होते तेथे त्यांचा देशच उरला नव्हता. त्यांतील बहुतेकांची गावे पोलंडच्या पूर्व भागात होती. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने त्यांना गुरांच्या डब्यांत कोंडून सायबेरिया व कझाकस्तानकडे धाडले होते. युद्धानंतर पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकविण्यात आली आणि त्या गावांपैकी पुष्कळ गावे सोव्हिएत युक्रेनमध्ये गेली. त्याच मातीत युक्रेनी शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आला होता. ही भूमी नेमकी कोणाची, हा प्रश्न या दोन शेजाऱ्यांत शतकानुशतके धुमसत राहिला आणि त्यापायी दोहोंकडचे रक्त सांडले. आज आम्ही या दोन ख्रिस्ती लोकांची कहाणी वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती दूरदेशीची असली तरी आमच्या गावांस परकी वाटणार नाही. कारण अशा कहाणीस मराठीत एक जुना शब्द आहे : भाऊबंदकी.

एका घरात दोन विधी

पोल लोक बहुसंख्येने रोमन कॅथलिक असून त्यांची मिस्सा आपल्याप्रमाणेच लॅटिन विधीची असते. युक्रेनी लोकांपैकी बहुतेक ऑर्थोडॉक्स आहेत. परंतु पश्चिम युक्रेनमध्ये, विशेषतः ल्विव्ह शहराच्या आसपासच्या गालिसिया प्रांतात, ग्रीक कॅथलिकांची मोठी ख्रिस्तसभा आहे. १५९६ साली ब्रेस्त येथे त्यांच्या बिशपांनी पोपमहाशयांशी ऐक्य स्वीकारले; परंतु आपली पूर्वापार उपासना, आपले पंचांग व विवाहित पुरुषांस धर्मगुरू करण्याची आपली रीत त्यांनी सोडली नाही. केरळातील सीरो-मलबार बांधवांची उपासना आपल्याहून निराळी असूनही ते आपल्याच कॅथलिक कुटुंबातील आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तसाच हा प्रकार समजावा. एकट्या ल्विव्ह शहरात लॅटिन, ग्रीक व आर्मेनियन असे तीन कॅथलिक आर्चबिशप एकाच वेळी नांदत असत.

गालिसियातील खेड्यांत पोल व युक्रेनी कुटुंबांत सोयरिकी होत. अशा घरात मुलगे बापाच्या विधीत व मुली आईच्या विधीत वाढवाव्यात, असा रिवाज होता. त्यामुळे रविवारी एकाच उंबरठ्यावरून भाऊ एका चर्चला जाई व बहीण दुसऱ्या. दोन्ही विधींच्या पंचांगांत तेरा दिवसांचे अंतर असल्याने नाताळही दोनदा येई. प्रथम २५ डिसेंबरला, मग ७ जानेवारीला. शेजारी एकमेकांच्या सणाला जात, आणि दुसऱ्याच्या सणाच्या दिवशी शेतात काम न करण्याची माणुसकीही अनेक गावांत पाळली जाई.

सणाचे ताटही जवळपास सारखेच. नाताळच्या आदल्या सायंकाळी आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत उपास करायचा. मग मेजावरील चादरीखाली, येशूबाळाच्या गव्हाणीची आठवण म्हणून, थोडे वाळलेले गवत पसरायचे आणि मांसाविना बारा पदार्थ वाढायचे. त्यांत ‘कुत्या’ नावाचा पदार्थ युक्रेनी घरात हमखास असतो व पूर्वेकडील पोल घरातही असतो. शिजवलेल्या गव्हात खसखस व मध घालून तो करतात. आपल्याकडील गव्हाच्या खिरीची कोणासही आठवण व्हावी. मेजावर एक जागा मात्र रिकामी ठेवतात. पोल घरात ती अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. युक्रेनी घरात बहुधा ती घरातील दिवंगतांसाठी असते. वाचकांनी ही रिकामी जागा ध्यानात ठेवावी.

जहागीरदार आणि कूळ

इतके जवळचे हे लोक एकमेकांकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते? याचे मूळ जमिनीत आहे. १५६९ साली लुब्लिन येथे झालेल्या करारानंतर युक्रेनचा मोठा मुलूख पोलंडच्या राज्याखाली आला. विस्तीर्ण जमिनी उमरावांकडे गेल्या. त्यांत काही मूळचे युक्रेनी होते. परंतु दरबारात मान मिळावा म्हणून पिढी-दोन पिढ्यांत तेही भाषेने व रीतीने पोल झाले. खाली राबणारा शेतकरी युक्रेनीच राहिला. त्याला धन्याच्या शेतावर वेठ करावी लागे, व ही वेठ गालिसियात १८४८ सालापर्यंत चालली. अशा रीतीने ‘पोल’ म्हणजे धनी आणि ‘युक्रेनी’ म्हणजे कूळ अशी खूणगाठ दोन्ही मनांत बसली. धन्यास उद्देशून म्हणावयाचा ‘पान’ हा शब्द पोल माणसाच्या तोंडी साध्या आदराचा आहे. आपण ‘साहेब’ म्हणतो तसाच. युक्रेनी माणसाच्या कानांस मात्र त्याच शब्दात चाबकाचा आवाज ऐकू येत असे.

१६४८ साली बोहदान ख्मेल्नित्स्की याच्या नेतृत्वाखाली कझाकांनी पोलंडविरुद्ध मोठे बंड केले. त्यात पोल उमराव, कॅथलिक धर्मगुरू आणि विशेषतः ज्यू रहिवासी सहस्रावधी मारले गेले, व पोल सैन्यानेही खेडी जाळून सूड उगविला. युक्रेनी मनात ते स्वातंत्र्ययुद्ध ठरले, पोल मनात ते रानटी बंड ठरले. पुढे लेखकांनी या आठवणींना रंग दिला. पोल कादंबरीकार हेन्रिक सिएंकिएविच याने १८८४ साली त्या बंडावर लिहिलेली कादंबरी पोल मुले पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आली, आणि तिच्यातील कझाक शूर असला तरी क्रूर आहे. इकडे युक्रेनचा राष्ट्रकवी तारास शेव्हचेन्को याने १८४१ साली धन्यांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर दीर्घ काव्य लिहिले. एका घरातल्या मुलाने एक पुस्तक वाचले, शेजारच्या मुलाने दुसरे. शेजाऱ्याचे पुस्तक वाचण्याची गरज कोणासच वाटली नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पोल लोकही सदैव धनीच होते असे नव्हे. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्यांचे राज्य गिळले आणि १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हता. स्वतः पारतंत्र्य सोसणाऱ्यास दुसऱ्याचे पारतंत्र्य लवकर दिसावयास हवे होते. परंतु मनुष्यस्वभाव असा की, आपली जखम ठसठसत असता शेजाऱ्याचे रक्त दिसत नाही.

एकाच शहरासाठी

१९१८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले. पहिल्या तारखेच्या पहाटे युक्रेनी सैनिकांनी ल्विव्ह ताब्यात घेतले व आपले प्रजासत्ताक घोषित केले. परंतु शहरात पोल लोकच बहुसंख्य होते. सभोवतालच्या खेड्यांत युक्रेनी. गल्लीगल्लीत लढाई झाली. पोल बाजूने शाळकरी मुलेही लढली व मेली. त्यांची कबरस्थाने पोल लोकांस तीर्थासारखी झाली. आणि त्याच लढाईत पडलेले युक्रेनी तरुण युक्रेनी लोकांस हुतात्मे झाले. १९१९ च्या जुलैपर्यंत पोलंडने सर्व पूर्व गालिसिया जिंकला.

१९२० साली क्षणभर वेगळे चित्र दिसले. बोल्शेविकांविरुद्ध पोलंडचे प्रमुख युझेफ पिउसुद्स्की व युक्रेनी नेते सिमोन पेत्लिउरा यांनी हातमिळवणी केली. त्या ऑगस्टात झामोश्च या पोलिश नगराच्या रक्षणात मार्को बेझरुच्को या युक्रेनी सेनानीने मोठे शौर्य दाखविले. परंतु १९२१ च्या रिगा येथील तहात पोलंडने बोल्शेविकांशी सीमा ठरवून घेतली आणि युक्रेन दोघांत वाटला गेला. जोडीदार उघड्यावर पडला.

पुढील वीस वर्षांत कटुता वाढतच गेली. युक्रेनी शाळा आटत गेल्या. पोल शासनाने १९३० साली युक्रेनी खेड्यांवर पोलीस व फौज घालून दहशत बसविली. १९३८ साली खेउम भागात शंभराहून अधिक ऑर्थोडॉक्स चर्च पाडली. युक्रेनी राष्ट्रवाद्यांच्या गुप्त संघटनेने पोल अधिकाऱ्यांचे खून पाडले. १९३४ साली गृहमंत्री ब्रोनिस्वाव पिएरात्स्की यांना वॉर्सात गोळी घातली. समजूतदार माणसे दोन्हीकडे होती. परंतु त्यांचा आवाज दोन्हीकडे क्षीण पडला.

दोन भाऊ

या काळातील एका घराण्याचा वृत्तान्त सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शेप्तित्स्की हे मूळचे युक्रेनी. परंतु बहुत काळापूर्वी पोल व लॅटिन विधीचे झालेले उमराव घराणे होते. १८६५ साली या घरात जन्मलेल्या रोमानने बापाचा विरोध सोसून पूर्वजांचा ग्रीक विधी पुन्हा स्वीकारला, मठात प्रवेश केला व आन्द्रेय हे नाव घेतले. त्याची आई एका थोर पोल नाटककाराची कन्या होती. १९०१ पासून १९४४ सालच्या मृत्यूपर्यंत आन्द्रेय शेप्तित्स्की ल्विव्हचे ग्रीक कॅथलिक आर्चबिशप होते. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ स्तानिस्वाव हा पोलंडचा सेनापती झाला व १९२३ साली युद्धमंत्रीही. ल्विव्हच्या लढाईनंतर पोल अधिकाऱ्यांनी आर्चबिशपांस त्यांच्याच निवासात नजरकैदेत ठेवले, तेव्हा भाऊ त्याच पोल सेनेत वरिष्ठ अधिकारी होता. आईच्या एका कुशीतून दोन राष्ट्रे निघाली, असेच म्हणावे लागेल.

आर्चबिशपांस पोल लोक ‘फितूर झालेला उमराव’ म्हणत. काही युक्रेनी मंडळी ‘शेवटी हा पोलच’ म्हणून संशय घेत. मध्ये उभे राहणाऱ्यावर दोन्हीकडून दगड येतात. त्यांच्याही हातून चुका घडल्या. १९४१ साली बोल्शेविकांचा छळ संपला या आनंदात त्यांनी आरंभी जर्मन सैन्याचे स्वागत केले. परंतु नाझींचे रूप ध्यानी येताच त्यांनी व मठाधिपती असलेल्या त्यांच्या दुसऱ्या भावाने, क्लिमेंतीने, मठांत व अनाथाश्रमांत दीडशेच्या आसपास ज्यू लोकांस लपविले. १९४२ च्या नोव्हेंबरात त्यांनी हत्येच्या पातकाविषयी सर्व धर्मग्रामांस पत्र लिहिले आणि राजकारणासाठी केलेली हत्याही हत्याच होय, असे बजावले. त्यांच्या लोकांपैकी पुष्कळांनी ते ऐकले नाही.

१९४३ चा उन्हाळा

ल्विव्हच्या उत्तरेस व्होलिन प्रांत आहे. जर्मन अमलाखाली असता, १९४३ साली, तेथील युक्रेनी बंडखोर सेनेने पोल वस्ती समूळ उखडण्याचे ठरविले. हेतू असा की, युद्धानंतर पोलंडला या भूमीवर हक्क सांगता येऊ नये. ११ जुलै १९४३ या रविवारी एकाच दिवशी शंभराच्या आसपास गावांवर हल्ले झाले. मिस्साच्या वेळी लोक हमखास एकत्र सापडतील म्हणून रविवार निवडला होता. किसिएलिन व पोरित्स्क येथे चर्चमध्येच लोकांस गाठले. कुऱ्हाडी, विळे, दाताळी हीच पुष्कळ ठिकाणी हत्यारे होती. आदल्या हंगामात जी अवजारे घेऊन शेजारी एकमेकांच्या सुगीला गेले होते, तीच ती. व्होलिन व पूर्व गालिसिया मिळून मारल्या गेलेल्या पोल लोकांची संख्या अनेक पोल इतिहासकार एक लाखाच्या आसपास धरतात.

पोल बाजूनेही सूड घेतला. १० मार्च १९४४ रोजी साहरिन गावात व १९४५ च्या मार्चमध्ये पावलोकोमा गावात पोल दलांनी शेकडो युक्रेनी गावकऱ्यांस मारले. त्यांतही स्त्रिया व मुले होती. अशा हल्ल्यांत मेलेल्या युक्रेनी लोकांची संख्या दहा ते पंधरा हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज अनेक अभ्यासक देतात. आकडे समान नाहीत, व ते समान असल्याचे भासविणे सत्यास धरून होणार नाही. परंतु ज्या आईचे लेकरू गेले तिच्यापुढे आकड्यांचा हिशेब मांडणे हेही ख्रिस्ती माणसास शोभत नाही.

युद्धानंतर उरलेल्यांची पांगापांग झाली. १९४४ ते १९४६ या काळात सोव्हिएत युक्रेनमधून सात-आठ लाख पोल पश्चिमेकडे गेले व पोलंडमधून पावणेपाच लाखांवर युक्रेनी पूर्वेकडे गेले. तरीही मागे राहिलेल्या सुमारे एक लाख चाळीस हजार युक्रेनी व लेम्को लोकांस पोलंडच्या कम्युनिस्ट शासनाने १९४७ साली घरांतून काढले आणि दूर उत्तर व पश्चिमेस असे विखरून टाकले की, एका गावात थोडीच कुटुंबे राहावीत. पलीकडे सोव्हिएत सत्तेने १९४६ साली ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभाच बेकायदा ठरविली. शेप्तित्स्कींचे वारस आर्चबिशप योसिफ स्लिपी यांनी अठरा वर्षे बंदिवास सोसला, आणि मठाधिपती क्लिमेंती १९५१ साली तुरुंगातच वारले.

कुंपणापलीकडे गेलेले

या अंधारातही दिवे होते. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृतिसंस्थेने २००७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याच लोकांच्या कुऱ्हाडीपासून पोल शेजाऱ्यांस वाचविणाऱ्या तेराशेहून अधिक युक्रेनी माणसांची त्यात नोंद आहे. कोणी धान्याच्या कोठारात लपविले, कोणी रात्री येऊन सावध केले, कोणी गाडीत गवताखाली घालून गावाबाहेर पोहोचविले. त्यांतील तीनशेहून अधिक जणांनी यासाठी आपले प्राण दिले. शेजारधर्म म्हणजे काय, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

फादर ओमेलियान कोव्च यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. पेरेमिशल्यानी या नगराचे ते ग्रीक कॅथलिक धर्मगुरू, विवाहित व सहा मुलांचे बाप. नाझी ज्यू लोकांस वेचून मारू लागले तेव्हा त्यांनी अनेकांस स्नानसंस्काराचे दाखले देऊन वाचविण्याचा यत्न केला. १९४२ च्या अखेरीस त्यांस अटक झाली व पुढे पोलंडमधील मायदानेक छळछावणीत टाकले. आप्त व वरिष्ठ त्यांच्या सुटकेसाठी खटपट करू लागले, तेव्हा त्यांनी आपणांस येथेच राहू द्यावे अशी विनंती केली. येथे पोल, युक्रेनी, ज्यू सर्व एकसारखे आहेत आणि या मरणाऱ्यांस माझी गरज आहे, असा त्यांच्या पत्रांचा भाव होता. तेथे ते गुप्तपणे सर्वांचे पापनिवेदन ऐकत. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. बाहेर पोल व युक्रेनी एकमेकांची घरे जाळीत असता, तारांच्या आत एक युक्रेनी धर्मगुरू मरणासन्न पोल बंदिवानाच्या उशाशी बसला होता.

क्षमेची लांब वाट

कम्युनिस्ट अमलात या जखमेवर उघडपणे बोलण्याची दोन्ही देशांत बंदी होती. पॅरिसजवळून पोल भाषेत निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ मासिकाचे संपादक येझी गिएद्रोइच यांनी मात्र आपल्या लोकांस न रुचणारी गोष्ट सांगितली : ल्विव्ह युक्रेनी लोकांचे आहे हे मान्य करा, स्वतंत्र युक्रेन हाच पोलंडचा आधार आहे. वळिवड्याहून परतलेल्यांसारख्या सहस्रावधी कुटुंबांना ते शब्द कसे झोंबले असतील, याची आपण कल्पना करू शकतो. परंतु ते बी वाया गेले नाही. १९९० च्या ऑगस्टात पोलंडच्या वरिष्ठ सभागृहाने १९४७ च्या हद्दपारीचा निषेध केला. आणि १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनी जनतेने स्वातंत्र्याचा कौल दिला तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्या स्वातंत्र्यास मान्यता देणारा पहिला देश पोलंड होता.

ख्रिस्तसभेतही वाट सरळ नव्हती. १९८७ साली रोममध्ये दोन्ही बाजूंचे बिशप भेटले व त्यांनी एकमेकांस क्षमेचे शब्द दिले. परंतु बिशपांची क्षमा धर्मग्रामापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. सीमेजवळील प्शेमिशल या पोलिश नगरातील कार्मेलाइट चर्च १९४६ पर्यंत ग्रीक कॅथलिकांचे कॅथेड्रल होते. १९९१ साली ते काही वर्षांपुरते त्यांस वापरू द्यावे, अशी योजना पोप दुसरे जॉन पॉल यांनी मान्य केली. पोप स्वतः पोल; सारा पोलंड त्यांस डोक्यावर घेणारा. तरीही तेथील काही श्रद्धावंत कॅथलिक चर्चमध्ये शिरले, त्यांनी दारे लावून घेतली आणि ते सोडण्याचे नाकारले. अखेर पोपमहाशयांनी जून महिन्यात तेथे येऊन ग्रीक कॅथलिकांस दुसरे चर्च दिले. वाचकहो, पोपमहाशयांसाठी जीव देऊ म्हणणारा माणूस शेजाऱ्यास चर्चचे एक दार देऊ शकत नाही. आमच्याही धर्मग्रामांत असे कधी घडतच नाही, असे आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय?

२००१ च्या जूनमध्ये पोपमहाशय ल्विव्हला गेले. एका दिवशी त्यांनी लॅटिन विधीच्या दोन धर्मसेवकांस धन्य घोषित केले व दुसऱ्या दिवशी ग्रीक कॅथलिक हुतात्म्यांस. त्यांत फादर कोव्च व मठाधिपती क्लिमेंती होते. दोन्ही लोकांनी भूतकाळाचे ओझे उतरवून परस्परांस क्षमा द्यावी व घ्यावी, अशी त्यांनी कळकळीची विनवणी केली. २००५ च्या जूनमध्ये दोन्ही बिशपसभांचे संयुक्त क्षमापत्र वॉर्सात व ल्विव्हमध्ये वाचले गेले; २०१३ साली, व्होलिनच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एका निवेदनावर सह्या केल्या. राजकारणात मात्र आठवणींची ओढाताण चालूच राहिली. २०१६ साली पोलंडच्या संसदेने व्होलिनच्या हत्याकांडास वंशसंहार म्हटले. युक्रेनमध्ये तो शब्द बहुतेकांस मान्य नाही. ज्या बंडखोर सेनेचे नाव काढताच पोल घरात दिवंगतांची आठवण होते, त्याच सेनेने पुढे अनेक वर्षे सोव्हिएत सत्तेशी झुंज दिली म्हणून युक्रेनमध्ये तिचे पुतळे उभारले जातात.

रेल्वे स्थानकावरील गर्दी

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले. लक्षावधी लोक सीमेकडे धावले. पुरुषांस लढाईसाठी मागे राहावे लागले. आल्या त्या स्त्रिया, मुले व वृद्ध. वळिवड्याच्या वसाहतीत होत्या तशाच. गाड्या येऊन थांबत होत्या प्शेमिशलच्या स्थानकावर. ज्या नगराने एकतीस वर्षांपूर्वी चर्चचे दार लावून घेतले होते, त्याच नगराने आता आपली घरे, शाळा व स्वयंपाकघरे उघडली. साऱ्या पोलंडभर अनोळखी कुटुंबांनी आपल्या घरात खोली दिली. नाताळच्या मेजावर राखून ठेवलेल्या त्या रिकाम्या जागेवर अखेर पाहुणा येऊन बसला. आणि तो शेजारीच होता. २०२३ च्या सप्टेंबरपासून युक्रेनच्या ग्रीक कॅथलिकांनी पंचांगही बदलले आहे, त्यामुळे आता दोघांचा नाताळ एकाच दिवशी येतो.

तरी माणसे माणसेच आहेत. २०२३ व २०२४ साली युक्रेनी धान्यामुळे भाव पडतात म्हणून पोल शेतकऱ्यांनी सीमेवर रस्ते अडविले. पाहुणचाराचा पहिला उमाळा ओसरला. परंतु एक गोष्ट पुढे सरकली. आपल्या मृतांचे अवशेष शोधून त्यांस ख्रिस्ती विधीने पुरू द्यावे, ही पोल कुटुंबांची मागणी कित्येक वर्षे अडून होती. तेर्नोपिल प्रांतात पुझ्निकी नावाचे गाव होते. १९४५ च्या फेब्रुवारीतील एका रात्रीच्या हल्ल्यानंतर ते उजाड झाले. २०२५ च्या वसंतात पोल व युक्रेनी तज्ज्ञांनी मिळून तेथील माती उकरली. किमान बेचाळीस जणांचे अवशेष सापडले, व ६ सप्टेंबर २०२५ रोजी मिस्सा होऊन त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. ऐंशी वर्षांनी त्यांना कबर मिळाली. ज्या देशाची मुले त्या वेळी रोज लढाईत पडत होती, त्या देशाने शेजाऱ्याच्या मृतांसाठी जागा दिली.

या साऱ्या कहाणीतून आम्ही एकच गोष्ट उचलतो. समेट म्हणजे विसरणे नव्हे. मेलेल्यांस विसरा असे सांगणारा समेट टिकत नाही, आणि केवळ आपल्याच मेलेल्यांची मोजदाद करणारी आठवण सूडाचे खत होते. समेटाचा आरंभ तेव्हा होतो, जेव्हा मी शेजाऱ्याच्या कबरीपाशी टोपी काढून उभा राहतो आणि माझ्या लोकांकडून काय घडले ते स्वतःच्या तोंडाने बोलतो.

आमच्या गावांत राष्ट्रांची युद्धे नाहीत. परंतु बांध एक हात सरकला म्हणून, विहिरीची पाळी चुकली म्हणून, वाटणीत आजोबांनी अन्याय केला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या मर्तिकास जात नाहीत, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. दोघेही रविवारी एकाच चर्चमध्ये गुडघे टेकतात व प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणतात; परंतु तिच्यातील क्षमेच्या शब्दांपाशी येताच आवाज बारीक होतो. त्यांनी प्शेमिशलकडे पाहावे. तेथील लोकांस दार उघडावयास एकतीस वर्षे लागली. आपणांस इतका वेळ लावण्याचे कारण नाही. पुढच्या नाताळी मेजावर नसले तरी पंगतीत एक पाट रिकामा मांडावा आणि घरातील कोणा मुलाला बांधापलीकडे निरोप घेऊन धाडावे.

आणि कोल्हापूरला कधी जाणे झाले, तर ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन त्या परदेशी कबरींपाशी एक प्रार्थना म्हणावी. त्यांचे गाव त्यांच्यापासून हिरावले गेले होते. आमच्या मातीने त्यांना जागा दिली. शेजाऱ्याच्या मृतांस जागा देणे म्हणजे काय, हे आमच्या भूमीस ठाऊक आहे. आता ते आमच्या अंतःकरणांसही ठाऊक व्हावे.